खिडकीतला टीव्ही

एस्गैर नावाच्या शेतावरची लोकर-कातरणी जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी. घरमालक इडवालच्या आजोबांपासून तो दिवस त्या घराचा होता आणि खोऱ्यात कुणाची तो मागायची छाती नव्हती. प्रत्येक घराला एकेक दिवस वाटून दिलेला. त्या दिवशी बाकीच्या घरांची दारं ओढून घेतली जायची आणि माणसं, कुत्री, कातरी, म्हातारेकोतारे असं सगळं खोरं एका अंगणात जमायचं. दिवस हुकला तर महिनाअखेरपर्यंत थांबायचं, आणि तोवर मेंढ्या स्वतःच्याच लोकरीत उकडायच्या, मागच्या बाजूला किडे व्हायचे त्यांना.

त्या वर्षी, ब्याऐंशी साली, वेल्सच्या त्या डोंगरात नऊ दिवस पाऊस लागून राहिला होता. ओल्या मेंढीला कातर लावता येत नाही. इडवालची बायको लाउरी रोज पहाटे मेंढ्यांच्या वाडग्यात जायची, जी मेंढी हाताला लागेल तिच्या पाठीत पंजा खुपसायची, आणि परत यायची.

"काय म्हणतीये?" इडवाल आतूनच विचारायचा.

"पाणी निथळतंय."

"उद्या वाळेल." एवढं बोलून तो टीव्हीकडे वळायचा.

हा टीव्ही घरात एप्रिलमध्ये आला. त्याआधी वीस वर्षं इडवाल म्हणत होता की असलं डबडं माझ्या उंबऱ्याच्या आत येणार नाही. मग दक्षिणेकडच्या समुद्रातली ती बेटं अर्जेंटिनाने घेतली, ती सोडवायला इथून फौज निघाली, आणि त्यांचा एकुलता एक गेथिन त्या फौजेत होता. तेव्हा तालुक्याला जाऊन इडवालने एक जुना टीव्ही उचलून आणला. त्याच्या अँटेनाची काठी घरामागच्या कड्यावर रोवावी लागली. मेंढ्यांना पाठ घासायला ती काठी फार आवडली. ऐन बातम्यांच्या वेळी पडदा तिरपा झाला की इडवाल दारातून कुत्र्याला शीळ घालायचा, कुत्रं वर पळायचं, मेंढी हाकलायचं आणि पडदा सरळ व्हायचा. खोऱ्यात ह्यावर सगळे हसले. लाउरी एकदाही हसली नाही.

तिची भीती टीव्हीने वाढवली की कमी केली, हे तिला सांगता आलं नसतं. संध्याकाळचे सहा वाजले की ती हातातलं काम टाकून टीव्हीपुढे येऊन बसायची. पडद्यावर सैनिक दिसले की ती स्टुलावरून उठायची, नाक काचेला लागेल इतकी जवळ जायची आणि चेहरे बघायची. सगळ्यांच्या डोक्यावर तसलीच टोपी, सगळ्यांच्या तोंडाला तसलंच काळं फासलेलं. नऊ महिने पोटात वागवलेला पोरगा ओळखू येत नाही म्हणून ती स्वतःवरच चिडायची.

नवऱ्याचं मात्र तिला आणखी एक भय वाटत होतं, आणि ते सांगायलाही लाज वाटायची. मागच्या मोठ्या महायुद्धात इडवालने बंदूक धरायला नकार दिला होता. चॅपलमध्ये जे शिकलो त्यात माणूस मारणं बसत नाही, असं त्याने कोर्टात सांगितलं, आणि चार वर्षं सरकारी जंगलात झाडं लावायची शिक्षा घेतली. लोक त्याच्या वाटेवर थुंकायचे. तो माणूस एप्रिलमध्ये सरकारच्या जहाजांबद्दल म्हणत होता, "त्यांची जहाजं निघाली." मग बंदरावर बँड वाजला, पोरींनी रुमाल हलवले, ते टीव्हीवर आठवडाभर रोज दाखवलं, आणि मे महिन्यात तो म्हणायला लागला, "आपली जहाजं पोचली." जूनमध्ये एका सकाळी चहात पाव बुडवता बुडवता म्हणाला, "आपण टेकडी घेतली, लाउरी!" ह्या माणसाने उभ्या जन्मात शेजाऱ्याचा एक हातभर बांध घेतला होता, तोही चुकून.

त्याच दिवशी तिला कपाटावरचा एक फोटो दिसेना. इडवालची मावशी फार पूर्वी तिकडे, अर्जेंटिनात जाऊन राहिली होती. तिचा नातू एल्विन, घोड्यावर बसलेला, हसतोय. फोटो खणात सापडला, उपडा ठेवलेला.

"हा इथे कुणी ठेवला?"

"लोक येतात-जातात," इडवाल म्हणाला. "उगाच कशाला."

मंगळवारी तिकडे एक जहाज जळालं. इकडे ते बुधवारी संध्याकाळी कळलं. संरक्षण मंत्रालयाचा तो रोजचा चष्मेवाला पडद्यावर आला आणि एकेक शब्द सुटा करून वाचू लागला. जहाजावर बॉम्ब पडले. जहाजावर वेल्सच्या पलटणीचे जवान होते. हानी झाली आहे. नावं नातेवाइकांना कळवण्यात येत आहेत. एवढं वाचून त्याने कागद सरळ केला, आणि मग हवामान सांगणारी बाई आली.

टीव्हीवर दिलेल्या नंबरावर इडवालने फोन लावला. लागेना. तो रात्रभर आणि गुरुवारी दिवसभर लावत राहिला. लाउरीने गुरुवारी तीन वेळा कणीक मळली आणि तीनदा ती नुसती झाकून ठेवली. रस्त्यावर कुठलंही इंजिन वाजलं की वाईट बातमीचीच गाडी आली असं तिला वाटायचं. दुधाची गाडी गेली तेव्हा ती भिंतीला धरून खाली बसली.

गुरुवारी दुपारी पाऊस थांबला. वारा सुटला, कोरडा, पश्चिमेचा. संध्याकाळी तिने मेंढीच्या पाठीत पंजा खुपसला तर हात कोरडा बाहेर आला, आणि तिला रडू कोसळलं.

"पुढे ढकलू या का?" इडवालने विचारलं.

"आणि घरात बसून काय करू? भिंती मोजू?"

शुक्रवारी सहा वाजताच खोरं अंगणात उतरलं. बारा बाकडी मांडली गेली. बाकड्यावर पाय पसरून पुरुष बसले, पुढ्यात पाय बांधलेली मेंढी, आणि कातरींचा कचकच आवाज सुरू झाला. बायका लोकर उचलायच्या, फळीवर पसरून कडा आत दुमडायच्या, गुंडाळी करून मानेकडच्या लोकरीचा पीळ देऊन बांधायच्या. एकजण कातरलेल्या मेंढीवर मालकाच्या खुणेचा डांबराचा शिक्का मारायचा. बोलणं नेहमीसारखंच होतं, फक्त लाउरी जवळून गेली की ते थांबायचं आणि ती पुढे गेली की सुरू व्हायचं.

सगळ्यात शेवटी मेनिर आली. एस्गैरच्या फाटकावरून जी वाट वर जाते त्या वाटेवर फक्त तिचंच घर. विधवा बाई, आणि तिचा डिल्विनही त्याच फौजेत, गेथिनच्याच पलटणीत. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. दोघींची पोरं एकाच दिवशी भरतीच्या कचेरीत गेलेली. पण मेनिरचं सगळंच वेगळं. तिने दारावर झेंडा लावला होता, पोराचा वर्दीतला फोटो खिडकीत ठेवला होता, आणि टीव्हीवर बँड वाजला की ती उभी राहायची. आजही तिने केसांना लाल फीत बांधली होती.

"अगं, हे काय थोबाड करून बसलीस?" ती लाउरीच्या फळीशी आली. "मयताला आलेत का लोक?"

"झोप नाही गं."

"मी बघ घोरत होते. वाईट असतं तर आतापर्यंत आलं असतं. तीन दिवस झाले. वाईट बातमी कधी पायी येते का?"

"मेनिर, तुला भ्या नाही वाटत?"

"कशाचं? टीव्हीवाला काल काय म्हणाला, पोरांचा उत्साह दांडगा आहे. तो काय खोटं बोलेल? कोट घालून बसतो तो." आणि तिने लोकरीची गुंडाळी अशी आपटली की फळी हलली.

लाउरीला तिचा राग आला आणि हेवाही वाटला. मनात म्हणाली, देवा, हिच्यासारखं बिनडोक कर मला, आजच्या दिवसापुरतं.

एक वाजायला आला तसा इडवालने टीव्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत, तोंड अंगणाकडे करून ठेवला. म्हणजे जेवणासाठी आणि बातम्यांसाठी बाकड्यावरून उठायला नको. बायकांनी उकडलेलं मांस आणि बटाटे पानांत वाढले. पडदा तिरपा झाला. इडवालने शीळ घातली. कुत्रं कड्यावर पळालं.

आधी चष्मेवाला. नावं अजून नाहीत. मग पडद्यावर एकदम ऊन आलं. मोठ्या प्रवासी जहाजाचं डेक, उघड्या अंगाची पोरं, कुणी दोरीवर उड्या मारतंय, कुणी पेटी वाजवतंय. निवेदक म्हणाला की युद्धाच्या छायेतही आपल्या जवानांच्या चेहऱ्यावरचं हसू ढळलेलं नाही. कॅमेरा वळला, आणि भर पडद्यावर डिल्विन होता. त्याचा हात गेथिनच्या गळ्यात. गेथिन कशाला तरी हसत होता, तोंड फाकून, त्याचा मागचा तुटका दात दिसेल असा. डिल्विनने त्याचा हात धरून वर केला, कुस्ती जिंकलेल्याचा करतात तसा. गेथिनच्या अंगठ्याला भलीमोठी पांढरी पट्टी होती.

अंगण ओरडलं. बारा बाकड्यांवरची बारा माणसं उभी राहिली, एक अर्धी कातरलेली मेंढी सुटून लोकर फरफटत पळाली. इडवाल नुसताच "आपली पोरं! आपली पोरं!" करत होता आणि त्याच्या नाकातून पाणी वाहत होतं.

"आहेत! जित्ती आहेत!" म्हातारा इवोर ओरडला. तो खोऱ्यातला सगळ्यात जुना कातरणारा. "डोळ्यांनी बघितलं!"

"कधीचं असेल हे?" कुणीतरी हळूच विचारलं.

"कधीचं म्हणजे? आत्ताचं! शनिवारी रग्बीचा सामना दाखवतात तो काय गेल्या वर्षीचा असतो? बातम्या आहेत त्या, बातम्या!"

मेनिरने लाउरीला कमरेत धरलं आणि लोकरीच्या ढिगाभोवती गरगरा फिरवलं. "सांगितलं नव्हतं? सांगितलं नव्हतं तुला?" लाल फीत सुटून तिच्या तोंडावर आली होती.

लाउरी फिरत होती, आणि तिच्या डोळ्यांपुढे ती पांढरी पट्टी होती. तिला ते पत्र पाठ होतं. सतरा मेचं. *आई, ह्या जहाजात गालिचे आहेत आणि आम्ही त्यांवर बूट घालून चालतो, तू असतीस तर सगळ्यांना झाडूने हाणलं असतंस. डबा उघडताना अंगठा कापला. डिल्विनने पट्टी बांधली, एवढी मोठी की सगळे मला खुंटी म्हणतात. तुला हे पत्र मिळेल तोवर पट्टी निघालेली असेल.* सतरा मे. म्हणजे हे हसणं साडेतीन आठवड्यांपूर्वीचं होतं. फिल्म जहाजाने आली असणार, जशी पत्रं येतात तशी. जे जहाज जळालं त्यावर ही पोरं त्यानंतर चढली असणार.

तिने मेनिरच्या तोंडाकडे पाहिलं. घामाने लाल झालेलं, हसरं तोंड. लाउरीला वाटलं, आपण आत्ता बोललो तर हे तोंड जन्मभर असं दिसणार नाही. ती हसली. गाल दुखेपर्यंत हसली.

"हो गं," ती म्हणाली. "सांगितलं होतंस."

जेवणं झाली. पुन्हा कातरी चालू झाल्या, आणि आता लोक गातसुद्धा होते. इवोरने पाय बांधता बांधता मेंढीला विचारलं, "काय बाई, अर्जेंटिनाची का तू? मग कापतोच तुला." सगळे खदाखदा हसले, इडवाल सगळ्यांत मोठ्याने. लाउरीला ते हसणं ऐकून खणातला तो उपडा फोटो आठवला.

सव्वादोनच्या सुमाराला खालच्या वळणावर गाडी दिसली. पोलिसांची, पांढरी. शेजारच्या जागेवर कुणीतरी टोपी घातलेला होता.

गाणं आपोआप बंद पडलं. लाउरीच्या हातात एक लोकर अर्धी दुमडलेली होती. गाडी वाट चढत होती, दगडांवर डुगडुगत, फार सावकाश. फाटकाच्या आधी तिचा वेग कमी झाला. गाडी फाटकाशी आली. आणि फाटकावरून पुढे, वर गेली.

सुटलो, असं तिच्या मनात आलं. माझा नाही. देवा, माझा नाही. पुढच्याच क्षणी तिला समजलं की वर एकच घर आहे, आणि तिला स्वतःची शिसारी आली.

मेनिरच्या घरी कुणीच नव्हतं. दार वाजवतील, मागे जातील, बघतील, परत येतील. सगळ्यांना ते कळत होतं. बारा कातरी थांबल्या होत्या. फक्त मेनिर लोकर दुमडत होती, एक कड आत, दुसरी कड आत, पीळ, गाठ. गुंडाळी झाली की दुसरी घेत होती. तिचे हात एकदाही चुकले नाहीत.

गाडी खाली आली आणि अंगणात शिरली. हवालदार प्रीस उतरला. तो ह्याच खोऱ्यातला, लहानपणी ह्याच अंगणात शिक्का मारणारा. त्याच्याबरोबर फौजेचा एक तरुण अधिकारी होता, त्याला वेल्श येत नव्हतं. त्याने टोपी काढून काखेत धरली.

"मेनिरबाई," प्रीस म्हणाला. "आत जाऊ या का जरा?"

"कशाला? काम पडलंय."

"मेनिरबाई, डिल्विनचं..."

"काय डिल्विनचं? आत्ता बघितला मी त्याला. एक वाजता. त्या तिथे." तिने खिडकीकडे बोट केलं. "हसत होता. सगळ्यांनी बघितला. विचार ह्यांना!"

प्रीसने अंगणावर नजर फिरवली. इवोर कातरीच्या पात्यावर बोट घासत होता. इडवालने मान खाली घातली. त्या तरुण अधिकाऱ्याला शब्द कळत नव्हते, पण त्याने खिडकीतल्या टीव्हीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून लाउरीने डोळे मिटले.

"लाउरी, सांग गं ह्यांना. तू बघितलास ना?"

"बघितला," लाउरी म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "बघितला मेनिर."

"झालं तर मग."

प्रीसने तरीही सांगितलं. तिथेच, लोकरीच्या ढिगाशी उभं राहून, जितक्या थोड्या शब्दांत सांगता येईल तितक्या. मंगळवारीच. जहाजावरच. मग तो लाउरीकडे वळला आणि तिने विचारायच्या आधीच मान हलवली. "गेथिनचं काही नाही अजून, काकी. बरं नाही आणि वाईट नाही. बाकीची नावं अजून यायची आहेत."

गाडी गेली. अर्ध्या कातरलेल्या मेंढ्या तशा सोडता येत नाहीत, म्हणून पुरुष पुन्हा बाकड्यांवर बसले आणि उरलेली कातरणी तोंडातून चकार शब्द न काढता पुरी केली. मेनिर घरी जायला तयार नव्हती. रडतही नव्हती. "सहाला परत दाखवतील," ती म्हणाली. मग इडवालने टीव्ही आत आणला, आणि दोघी स्वयंपाकघरात दोन स्टुलांवर बसून राहिल्या. चहा गार झाला. दुसरा केला, तोही गार झाला.

सहा वाजता चष्मेवाला आला, गेला. नकाशा आला. इडवाल दाराशी उभा होता. "त्यांनी आणखी एक टेकडी घेतली म्हणतात," तो पुटपुटला, आणि बाहेर निघून गेला.

मग पडद्यावर ऊन आलं. दोरीवरच्या उड्या, पेटी, आणि डिल्विन, त्याने गेथिनचा हात वर धरलेला. ह्या वेळी दुपारपेक्षाही थोडंच दाखवलं. मेनिर पुढे झाली. तिने बोट काचेवर टेकवलं, बरोबर अंगठ्याच्या पट्टीवर, आणि चित्र निघून गेलं तरी ते तिथेच ठेवलं.

"ही डिल्विनने बांधली," ती म्हणाली. "सतरा तारखेला. मला लिहिलं होतं त्याने, चादर फाडून बांधली म्हणून."

लाउरीने तिच्याकडे वळून पाहिलं.

"मी एक वाजताच ओळखलं, लाउरी."

"मग नाचलीस कशाला गं?"

"तू हसत होतीस ना. मला वाटलं, हिला तरी ठाऊक नाही."

लाउरीने तिचा हात काचेवरून काढून आपल्या मांडीवर घेतला. लोकरीच्या तेलाने दोघींचे हात चिकट झाले होते. हवामानाच्या बाईने सांगितलं की सोमवारपर्यंत कोरडं राहील.

"सोमवारी माझी कातरणी," मेनिर म्हणाली.

"ढकल पुढे. कुणी काही म्हणणार नाही."

"मेंढ्यांना कसं सांगू?" ती उठली, सुटलेली लाल फीत तिने खिशात कोंबली. दाराशी जाऊन थांबली. "तू ये मात्र. घरी एकटी बसू नकोस. माझ्या अंगणातून तुझं फाटक दिसतं. गाडी आली तर मी बघत असेन. तू बघू नकोस."